पाठीवरचा तळहात

आमचे आप्पा कशालाही तळहात लावत नसत. दुधाचं पातेलं निवलं का, भिंतीला ओल आहे का, मला ताप आहे का, हे सगळं ते हाताच्या मागच्या बाजूनं बघायचे. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचे वडील असंच करतात. मग एकदा मैत्रिणीच्या वडिलांनी तिच्या कपाळावर अख्खा तळहात टेकवलेला पाहिला आणि मला ते फार विचित्र वाटलं.

आप्पा रेणापूरला वायरमन होते. "तळहात लावलास की मूठ आवळती. मूठ आवळली की करंट सोडत न्हाई. मागची बाजू लावली की हात आपोआप झटकला जातोय," असं ते सांगायचे. हे सांगताना त्यांच्या समोर कुणी शिकाऊ माणूस नसे, आई असे, आणि तिच्या हातात लाटणं असे. आई म्हणायची, "पोळपाटात करंट न्हाई ओ." आप्पा हसायचे, पण पोळपाटाचा हलणारा पायसुद्धा उलट्या हातानंच चाचपायचे.

तळहात ते एकाच ठिकाणी लावत. शाळेच्या मैदानावर, खो देताना, बसलेल्या पोरीच्या पाठीवर.

खो-खो हे आप्पांचं दुसरं घर होतं. खरं तर पहिलंच म्हणावं, असं आई म्हणायची. तरुणपणी ते आणि माणिककाका एकाच संघातून खेळले. पुढे दोघंही एकाच ऑफिसात वायरमन म्हणून लागले, एकाच गल्लीत राहिले. आप्पा शांत, मोजूनमापून पाऊल टाकणारे. माणिककाका उतावळे. मैदानात खो मिळायच्या आधीच ते अर्धे उठलेले असायचे. आप्पा सांगायचे, "माणक्यामुळं आमच्या संघाला जेवढे फाऊल झाले तेवढे सगळ्या तालुक्याला झाले नसतील." त्यावर माणिककाका म्हणायचे, "मी उठलो म्हणून तर गडी बाद झालं ना शिवा? फाऊल नंतर."

मी सातवीत असल्यापासून आप्पा आम्हा मुलींचा संघ तयार करत होते. पगारी माणूस नव्हेत, शिक्षकही नव्हेत. सकाळी सहाला शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर हजर. स्वतः फावड्यानं मैदान सारखं करायचे, खांबाला उलटा हात फिरवून कुठं लाकडाची कूस वर आलेली आहे का ते बघायचे, आणि मग आठला खांद्यावर दोर टाकून कामावर जायचे. दिवसभर एका तऱ्हेच्या खांबावर आणि सकाळी दुसऱ्या तऱ्हेच्या खांबाभोवती, असा त्यांचा जन्म गेला.

माझी वेणी तेच घालायचे. आईच्या वेण्या धावताना सुटतात, अशी त्यांची तक्रार होती. दोन वेण्या घालून, वर वळवून, अशा करकचून बांधायचे की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. मी ओरडले की म्हणायचे, "वेणीला बोट लागलं तरी गडी बादच. रडायचं तर आत्ता रड माय, मैदानात न्हाई." तारेला पीळ देणारी ती बोटं होती. त्यांनी घातलेली वेणी दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच राहायची.

नियमाच्या बाबतीत आप्पा इतके कडक होते की मुली त्यांना घाबरत. खो मागूनच द्यायचा. पाठीला हात लागला पाहिजे आणि त्याच वेळी तोंडातून 'खो' आला पाहिजे, मोठ्यानं. हात लागला पण शब्द आला नाही, की शिट्टी. शब्द आला पण हात लागला नाही, की शिट्टी. एकदा आमच्या संघातली एक मुलगी दम लागल्यामुळं नुसता हात लावून बसली. समोर बाहेरगावचा संघ, आम्ही हरायच्या बेतात, पंचांचं लक्षही नव्हतं. आप्पांनी बाहेरून ओरडून सांगितलं, "पंच, फाऊल हाय आमचं." तो सामना आम्ही हरलो. परत येताना जीपमध्ये कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मीही नाही. आप्पांनी वाटेत सगळ्यांना उसाचा रस पाजला आणि म्हणाले, "बसलेल्या माणसाचा भरवसा असतोय त्या दोन गोष्टींवर. त्याला मागचं दिसत न्हाई."

कामाच्या बाबतीतही त्यांचा असाच एक नियम होता. लाईनवर चढायचं तर सबस्टेशनमधून परमिट घ्यायचं, म्हणजे काम होईपर्यंत त्या लाईनचा पुरवठा बंद. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून ते परत करायचं, मग तिकडून लाईन चालू. आप्पा परमिट परत करण्याआधी प्रत्येक माणूस स्वतःच्या डोळ्यांनी जमिनीवर बघायचे. "उतरलो" हा शब्द त्यांना पुरत नसे. माणूस अर्ध्या मैलावर असला तरी चालत जायचे. बाकीचे वायरमन वैतागायचे. गावातले लोक फोनवर शिव्या द्यायचे. आप्पा म्हणायचे, "द्या शिव्या. शिव्यानं माणूस मरत न्हाई."

मी बारावीत असताना लातूरला राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. संध्याकाळी पाचची वेळ. आप्पांनी त्या दिवशी सकाळी माझ्या वेण्या घातल्या, मला बसमध्ये बसवलं आणि म्हणाले, "चारला निघतो. तू मैदानात उतरायच्या आत मी गेटपाशी." मी लातूरला पोचले. पाच वाजले, साडेपाच वाजले. धावायला उतरले तेव्हा मी खांबाकडं कमी आणि गेटकडं जास्त बघत होते. दीड मिनिटात बाद झाले. मला आप्पांचा इतका राग आला होता की बसमध्ये बसून मी त्या दोन्ही वेण्या सोडून टाकल्या.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. तिनं सांगितलं, माणिककाकांना करंट लागला. चालू लाईनवर होते. परमिट आप्पांनी परत केलं होतं.

माणिककाका लातूरच्या दवाखान्यात दोन दिवस होते आणि मग गेले. मागं सुमनकाकू आणि दोन लहान लेकरं. चौकशी झाली. आप्पांनी कुणी विचारायच्या आतच लिहून दिलं की माणिकला न विचारता, तो खाली उतरला की नाही हे न बघता, मी परमिट परत केलं. चूक सर्वस्वी माझी. कबूल करणाऱ्या माणसाला पुढं कुणी काही विचारत नाही. आप्पा निलंबित झाले, आणि परत घेतलं तेव्हा किनवटला पाठवले गेले. सुमनकाकूंना ऑफिसात अनुकंपेवर शिपायाची नोकरी मिळाली.

आप्पांनी शिट्टी देवघराच्या फळीवर ठेवली ती पुन्हा गळ्यात घातली नाही. मैदानाकडं जाणारा रस्ताही सोडला. मुली घरी यायच्या, दारात उभ्या राहायच्या, आप्पा आतून "शाळेच्या सरांकडं जा" म्हणून सांगायचे. गावात लोक काय बोलायचे ते मला ऐकू येत होतं. नियमाचा एवढा बोलबाला करणारा माणूस, आणि स्वतःच्या भावासारख्या सोबत्याला मारून बसला. मला वर्गात तोंड वर करता येईना. खरं सांगते, त्या दिवसांत मला आप्पांची लाज वाटायची.

पुढं मी नांदेडला शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करायला गेले. एका रविवारी रेल्वेनं किनवट गाठलं. भांडायलाच गेले होते म्हणा ना. आप्पांच्या खोलीत एक खाट, एक स्टो आणि भिंतीवर माझा संघाबरोबरचा फोटो. त्यांनी माझ्यासाठी पिठलं केलं. मी पहिला घासही घेतला नाही आणि विचारलं, "इतकी वर्षं सगळ्यांना शिकवलं, आणि त्या दिवशी तुम्हीच कसे न विचारता मोकळे झालात?"

आप्पांनी माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं. मग म्हणाले, "फोन आलता माणक्याचा."

मला आधी कळलंच नाही.

"झालं म्हणला. उतरलोय, तारांवरची अर्थिंगची साखळी पण काढली, दे चालू करून म्हणला. मी परमिट परत केलं. आन त्याची पक्कड वर राहिलती खांबावर. ती आणायला परत चढलं ते येडं."

"मग हे चौकशीत का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्याच्या नावावर चूक गेली असती. मग सुमनला नोकरी मिळाली असती का न्हाई, कोण जाणे. मी इचारत बसलो न्हाई कुणाला."

मी म्हणाले, "पण मग तुमची चूक नाहीच."

"हाय की. मी डोळ्यानं बगितलं न्हाई. आंब्याच्या बनापलीकडं होतं ते. चालत गेलो असतो तर धा मिनिटं लागली असती."

ती दहा मिनिटं कशासाठी वाचवली, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. लातूरच्या गेटकडं बघत उभी असलेली मी मलाच त्या खोलीत दिसत होते. नंतर आम्ही दोघं जेवलो. पिठलं खारट झालं होतं, तरी दोघांनीही संपवलं.

स्टेशनवर सोडायला आले तेव्हा आप्पा म्हणाले, "हे तुझ्यापाशी ठेव. तुझ्या आईला सुदीक न्हाई. मी म्हणेन तवा बोलायचं. तवर बसून ऱ्हायचं." मी मान हलवली. बसून राहणं त्यांनीच तर मला शिकवलं होतं.

दर शनिवारी ते रेणापूरला यायचे आणि घरी यायच्या आधी सुमनकाकूंच्या दारात जायचे. हे मी अनेकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. काकू दार उघडायच्या आणि न बोलता आत निघून जायच्या. उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या ठेवायच्या. आप्पा पाणी उभ्यानंच प्यायचे. मग बंद पडलेली मोटर बघ, गळका नळ बघ, पोरांच्या शाळेचे फॉर्म भर, असं एकेक काम उरकायचे. सगळी कामं उभ्यानं. आमच्याकडं दारात भांडायला आलेल्या माणसालाही आधी "बसा" म्हणतात. काकू एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि सांगितल्याशिवाय बसणाऱ्यांतले आप्पा नव्हते. नियमाचा माणूस.

आईला हे सहन होत नसे. "किती दिवस ओ असं उंबऱ्यात उभं ऱ्हाणार?" असं ती एकदा म्हणाली. आप्पा म्हणाले, "ती बस म्हणेपर्यंत." मग म्हणाले, "म्हणेल की एखाद्या दिवशी. माणूसच हाय ती पण."

अशी अकरा वर्षं गेली. माझं लग्न झालं, नांदेडच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका झाले. माझ्या मुलींना मी आप्पांचेच नियम शिकवते, आप्पांचं नाव न घेता. आप्पा निवृत्त होऊन रेणापूरला परतले आणि वर्षभरात त्यांचं हृदय थकलं. छातीत पाणी साचायचं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते रात्रंदिवस बसूनच असत. गल्लीकडच्या खिडकीपाशी खाट लावली होती. पाठीशी तक्क्या. काकू रोज साडेनऊला त्या खिडकीवरून ऑफिसला जायच्या. त्या यायच्या वेळेला आप्पा मान सरळ करायचे. शर्टाचं वरचं बटण लावायचे. काकू सरळ बघत निघून जायच्या.

मी सुट्टी काढून आले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, आणि आप्पांना एकच गोष्ट हवी होती. ते मागत नव्हते, पण त्या बटणावरून कळायचं. शेवटी मी काकूंकडं गेले. त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मी म्हणाले, "काकू, आप्पांचं काही खरं नाही. एकदा येऊन जा. बोलू नका हवं तर. नुसत्या आत येऊन बसा."

त्यांनी मान वर केली नाही. "बगू," म्हणाल्या.

त्या क्षणी सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. फोन, पक्कड, आंब्याचं बन, सगळं. मी उंबऱ्यात उभी होते, मलाही त्यांनी बस म्हटलं नव्हतं. मी काहीच न बोलता परत आले. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. "बोललीस का काय?" मी नाही म्हणाले. त्यांनी हाताची मागची बाजू माझ्या गालाला लावली. "शहाणी हायेस," म्हणाले. मला शहाणी व्हायचं नव्हतं.

काकू आल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आप्पांनी अर्धा कप चहा घेतला, वरचं बटण लावलं आणि खिडकीकडं तोंड करून बसले. साडेनऊला मी औषध घेऊन आले तेव्हा ते तसेच बसलेले होते. मला वाटलं, गल्लीत बघताहेत.

आमच्या लिंगायतांत माणसाला आडवं करून नेत नाहीत. बसवतात. आप्पांना आंघोळ घातली, कपाळावर आणि दंडांवर विभूती लावली, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. गळ्यातलं लिंग काढून मठाच्या स्वामींनी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. पक्कड-फावड्यानं घट्टे पडलेला तो तळहात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला.

बायका यायला लागल्या. दुपारी सुमनकाकू आल्या. ऑफिसची निळी साडी तशीच अंगावर होती. आप्पांच्या समोर न जाता त्या थेट आत, स्वयंपाकघरात माझ्यापाशी आल्या. मी बेलाची पानं धूत होते.

"उमा," त्या म्हणाल्या, "मला ठाव होतं."

"काय?"

"तुझ्या काकानं सांगितलं मला दवाखान्यात. बोलता येत न्हवतं, तरी सांगितलं. फोन मीच केलता, पक्कड राहिली म्हणून परत चढलो, शिवाला बोल लावू नको म्हणला." त्यांच्या तोंडाला पदर होता. "मी घरी आले तवर भाऊजींनी लिहून दिलतं. लेकरं लहान होती. मी गप बसले. मग नोकरी लागली. मग कोणच्या तोंडानं बस म्हणू त्यांना? बसले असते तर बोलावं लागलं असतं."

मी वाईट बाई नाही. पण त्या वेळी त्यांच्या अंगावर ते पाण्याचं पातेलं फेकावं असं मला वाटलं. अकरा वर्षं दोन माणसं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत राहिली. आणि दोन अक्षरांसाठी माझा बाप उंबऱ्यात उभा राहिला. मी ओरडले असते, पण बाहेर स्वामींचा आवाज आला, "घ्या पुढं." आप्पांना न्यायची सजवलेली खुर्ची दारात आली होती. चौघांनी त्यांना भिंतीपासून थोडं पुढं घेतलं. त्यांची पाठ मोकळी झाली.

मी काकूंचा हात धरला आणि त्यांना ओढतच बाहेर नेलं. आप्पांच्या मागं उभं केलं. लोक बघत होते, आई बघत होती.

"पाठीवर हात ठेवा," मी म्हणाले. "आणि खो म्हणा. तुम्हाला माहीत आहे कसा देतात ते. मोठ्यानं."

काकूंना माहीत होतं. नवी नवरी असताना त्या मैदानाच्या कडेला बसून दोघांचा खेळ बघायच्या. त्या वाकल्या. त्यांनी आप्पांच्या पाठीवर तळहात ठेवला, अख्खा, आणि तो तिथंच राहिला. त्यांचे ओठ हलले. आम्ही सगळे थांबलो. स्वामीसुद्धा थांबले. ओठ पुन्हा हलले, पण शब्द काही फुटला नाही.

हात लागला आणि शब्द आला नाही तर तो खो होत नाही. पंचांचं लक्ष नसलं तरी होत नाही. हे मला आप्पांनीच शिकवलं होतं.

काकूंनी हात काढून घेतला. चौघांनी आप्पांना उचललं, बसलेले होते तसेच.